पीअर इन्स्ट्रक्शन

पीअर इन्स्ट्रक्शन अथवा सहाध्यायी-अध्यापन ही मुख्यतः विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाच्या मोठ्या वर्गांसाठी विकसित झालेली अध्यापनपद्धती आहे. या पद्धतीत अध्यापक व्याख्यानाचे लहान भाग पाडतो आणि प्रत्येक भागानंतर मूळ संकल्पनेवर आधारलेला एक बहुपर्यायी प्रश्न विचारतो. विद्यार्थी प्रथम स्वतंत्रपणे विचार करून उत्तर नोंदवतात, मग शेजारच्या विद्यार्थ्याला आपले उत्तर पटवून देण्याचा प्रयत्न करतात आणि उत्तर पुन्हा नोंदवतात. त्यानंतर अध्यापक स्पष्टीकरण करतो. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ मध्ये ही पद्धती वापरण्यास सुरुवात केली. आज ती भौतिकशास्त्राखेरीज रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित, संगणकशास्त्र आदी विषयांतही वापरली जाते. सक्रिय अध्ययनाच्या पद्धतींपैकी सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या पद्धतींत तिची गणना होते.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठातील इब्राहिम हॅलून आणि डेव्हिड हेस्टिनेस यांनी १९८५ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स' या नियतकालिकात दोन लेख प्रसिद्ध केले. पहिल्या वर्षाला येणारे विद्यार्थी गती आणि बल यांविषयी स्वतःच्या अनुभवातून बनलेल्या काही पक्क्या समजुती घेऊन येतात. वस्तू चालत राहण्यासाठी तिच्यावर सतत बल लागते, किंवा जड वस्तू हलक्या वस्तूवर अधिक बल लावते, अशा या समजुती असतात. सत्रभर न्यूटनचे नियम शिकवल्यानंतरही त्या फारशा बदलत नाहीत, असे या दोघांना आढळले. अध्यापक कोण आहे, यानेही निष्कर्षात विशेष फरक पडत नव्हता. उत्तम वक्ता म्हणून नावाजलेल्या प्राध्यापकाचे विद्यार्थी आणि इतरांचे विद्यार्थी यांची वाढ जवळपास सारखीच होती.

या कामातून पुढे १९९२ मध्ये हेस्टिनेस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' ही चाचणी तयार केली. ही चाचणी साध्या भाषेत आहे आणि तिच्यात आकडेमोड जवळजवळ नाही. मालमोटार आणि लहान मोटार यांची टक्कर झाली तर कोण कोणावर किती बल लावते, अशा स्वरूपाचे प्रश्न तीत असतात. चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष समजुतींवरून घेतलेले असल्यामुळे केवळ अंदाजाने योग्य उत्तर साधणे कठीण जाते.

उगम

मझूर हे १९८४ पासून हार्वर्डमध्ये विज्ञान व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना प्रारंभिक भौतिकशास्त्र शिकवत होते. त्यांची व्याख्याने विद्यार्थ्यांना आवडत, सत्राखेरच्या अभिप्रायात त्यांना चांगले गुण मिळत आणि अवघड गणितेही विद्यार्थी सोडवत असत. आपण चांगले शिकवतो, असे मानायला त्यांच्याकडे सर्व कारणे होती. १९९० मध्ये हॅलून-हेस्टिनेस यांचे लेख वाचल्यावर आपल्या विद्यार्थ्यांना हे लागू नसावे, असे त्यांना वाटले. तपासण्यासाठी त्यांनी ती चाचणी स्वतःच्या वर्गाला दिली. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की, या प्रश्नांची उत्तरे तुम्ही शिकवल्याप्रमाणे द्यायची की मला स्वतःला जसे वाटते तसे? सक्रिय अध्ययनावरील लेखनात ही आठवण इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती आता दंतकथेसारखी वाटते. ती टिकून राहिली, कारण तिच्यात दोष नेमका कुठे आहे ते दिसते. शिकवलेले आणि खरे वाटणारे असे दोन स्वतंत्र कप्पे विद्यार्थिनीच्या मनात होते, आणि परीक्षा केवळ पहिल्या कप्प्याची होत होती.

चाचणीचे निकाल अपेक्षेपेक्षा कमी आले. त्यानंतर मझूर यांनी एकाच परीक्षेत विद्युतमंडलांवर दोन प्रकारचे प्रश्न घातले. एका प्रश्नात दोन वेढ्यांच्या मंडलातील विद्युतधारा व विभवांतर काढायचे होते आणि त्यासाठी समीकरणे मांडावी लागत होती. दुसऱ्यात तीन एकसारखे दिवे बॅटरीला एकसरीत जोडलेले होते. त्यांपैकी एका दिव्याला समांतर असलेला खटका बंद केल्यावर, म्हणजे त्या दिव्याची दोन टोके तारेने थेट जोडली गेल्यावर, प्रत्येक दिव्याचा उजेड वाढेल, घटेल की तेवढाच राहील, एवढेच सांगायचे होते. त्यासाठी कागदाचीही गरज नाही. तिसरा दिवा विझतो, मंडलाचा एकूण रोध घटतो, धारा वाढते आणि उरलेले दोन दिवे अधिक प्रखर होतात. तरीही विद्यार्थ्यांना समीकरणांच्या प्रश्नापेक्षा या प्रश्नात लक्षणीयरीत्या कमी गुण मिळाले. पहिला प्रश्न बिनचूक सोडवणाऱ्या अनेकांना दुसरा जमला नाही. पाठ केलेली रीत वापरून उत्तरापर्यंत पोहोचता येते आणि त्या उत्तरावरून आकलन झाल्याचा समज अध्यापकाचा व विद्यार्थ्याचाही होतो, हा निष्कर्ष मझूर यांनी यातून काढला.

पद्धतीचा जन्म मात्र योजनेतून झाला नाही. अशाच एका प्रश्नाचे स्पष्टीकरण मझूर यांनी फळ्यावर केले, ते कोणाला समजले नाही, म्हणून वेगळ्या रीतीने पुन्हा केले, तरीही वर्ग गोंधळलेलाच होता. अखेर त्यांनी विद्यार्थ्यांना आपापसांत बोलायला सांगितले. वर्गात एकच गलका झाला आणि दोन-तीन मिनिटांत बहुतेकांना योग्य उत्तर उमगले. याचे कारण त्यांनी असे दिले आहे की, एखादी गोष्ट नुकतीच समजलेल्या विद्यार्थ्याला ती न समजण्याचे कारण अजून आठवत असते. वीस वर्षे तोच विषय शिकवणाऱ्या अध्यापकाला मात्र नवख्याची अडचण कुठे आहे, हेच दिसेनासे झालेले असते.

मझूर यांनी या पद्धतीचे मार्गदर्शक पुस्तक 'पीअर इन्स्ट्रक्शन: अ युजर्स मॅन्युअल' १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. या कार्यासाठी त्यांना २०१४ मध्ये उच्च शिक्षणातील पहिला मिनर्व्हा पुरस्कार मिळाला.

तासाची रचना

विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकातील नेमून दिलेला भाग वर्गात येण्यापूर्वी वाचणे या पद्धतीत अपेक्षित आहे. वाचन झाले आहे याची खात्री व्हावी म्हणून सुरुवातीला तासाच्या आरंभी लहान चाचणी घेतली जात असे. पुढे तिच्या जागी वाचनावर आधारित काही मोकळे प्रश्न आले आणि त्यांत 'कोणता भाग कठीण वाटला' हाही एक प्रश्न असे. माहिती पोहोचवण्याचे काम पुस्तकाकडे सोपवल्यामुळे वर्गातील वेळ आकलनासाठी मोकळा होतो.

तासात अध्यापक सात ते दहा मिनिटे एखाद्या मुद्द्याविषयी बोलतो आणि मग संकल्पना-प्रश्न मांडतो. विद्यार्थी मिनिटभर शांतपणे विचार करून उत्तर नोंदवतात. या टप्प्यावर बोलण्यास मनाई असते. अनेक ठिकाणी वेळ वाचवण्यासाठी हा टप्पा गाळून थेट चर्चा सुरू केली जाते. तसे केल्यास पद्धतीचा गाभाच निघून जातो, कारण ज्याने स्वतःचे उत्तर ठरवलेले नाही त्याला चर्चेत बचाव करण्यासारखे काही उरत नाही. तो शेजाऱ्याचे उत्तर ऐकून घेतो आणि व्याख्यान ऐकणाऱ्या विद्यार्थ्याइतकाच निष्क्रिय राहतो.

पुढे काय करायचे हे पहिल्या उत्तरांच्या विभागणीवर ठरते. साधारण तीस टक्क्यांपेक्षा कमी विद्यार्थ्यांचे उत्तर बरोबर असेल तर चर्चा करणाऱ्यांकडे पुरेशी सामग्री नाही असे समजून अध्यापक मुद्दा पुन्हा समजावतो. सत्तर टक्क्यांहून अधिकांचे बरोबर असेल तर थोडक्यात स्पष्टीकरण देऊन पुढे जातो. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात दोन-तीन मिनिटे चर्चा घडवली जाते. आपल्यापेक्षा वेगळे उत्तर देणारा शेजारी शोधावा, अशी सूचना विद्यार्थ्यांना दिली जाते. त्या वेळी अध्यापक वर्गात फिरून चर्चा ऐकतो. चुकीच्या उत्तरामागील तर्क विद्यार्थ्याच्याच शब्दांत कानावर पडण्याची अशी संधी व्याख्यानात क्वचितच मिळते.

प्रश्न कसा असावा याचे एक उदाहरण म्हणजे तळे, होडी आणि दगड यांचे जुने कोडे. तळ्यातील होडीत एक मोठा दगड आहे. तो उचलून पाण्यात टाकला आणि तो तळाशी गेला, तर तळ्याच्या पाण्याची पातळी वाढेल, घटेल की तेवढीच राहील? दगड पाण्यात पडला म्हणजे पातळी वाढणार, असे काही जण म्हणतात. दगड आधीही तळ्यावरच होता, मग फरक कसला, असे इतर म्हणतात. प्रत्यक्षात पातळी घटते. समजा दगड पन्नास किलोचा आहे आणि त्याची घनता पाण्याच्या अडीच पट आहे. होडीत असताना तो स्वतःच्या वजनाइतके, म्हणजे पन्नास लिटर पाणी बाजूला सारतो. तळाशी असताना मात्र केवळ स्वतःच्या आकारमानाएवढे, म्हणजे वीस लिटर पाणी सारतो. आर्किमिडीजचे तत्त्व अचूक लिहून दाखवणारा विद्यार्थीही येथे अडखळू शकतो. अध्यापक ही आकडेमोड एका मिनिटात करून दाखवू शकेल. पण 'दगड सुपारीएवढा आणि तरीही पन्नास किलोचा असता तर?' असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने शेजाऱ्याला विचारला, तर आकड्यांवाचूनच वाद मिटतो आणि तो युक्तिवाद दोघांचाही होतो.

परिणामांचा अभ्यास

या पद्धतीचे मोजमाप बहुधा 'सामान्यीकृत वाढ' या गुणोत्तराने केले जाते. सत्रारंभी विद्यार्थ्याला जेवढे गुण मिळवायचे राहिले होते, त्यांपैकी किती हिस्सा त्याने सत्राखेर मिळवला, हे त्यातून कळते. चाळीस टक्क्यांवरून पंचावन्नवर गेलेल्या वर्गाने साठपैकी पंधरा, म्हणजे ०.२५ एवढी वाढ मिळवलेली असते. कॅथरीन क्राउच आणि मझूर यांनी २००१ मध्ये दहा वर्षांच्या अनुभवाचा आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार हार्वर्डमधील अभ्यासक्रमात ही वाढ १९९० मध्ये व्याख्यानपद्धतीत ०.२५ होती, ती १९९१ मध्ये ०.४९ झाली. प्रश्न, वाचन आणि चर्चेच्या तासिका यांत सुधारणा होत गेल्यावर १९९७ मध्ये ती ०.७४ पर्यंत पोहोचली. पहिल्या वर्षीचे यश पद्धतीचे होते, तर पुढची वाढ मुख्यतः प्रश्न सुधारत नेण्याच्या चिकाटीची होती, असे या आकड्यांवरून म्हणता येते.

रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांच्या निकालांची तुलना केली. पारंपरिक वर्गांची सरासरी वाढ ०.२३, तर विद्यार्थ्यांना विचार व चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांची ०.४८ होती. यात पीअर इन्स्ट्रक्शनखेरीज इतर पद्धतीही समाविष्ट होत्या. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. व्याख्यानाच्या वर्गांत अनुत्तीर्ण होण्याचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के, तर सक्रिय अध्ययनाच्या वर्गांत २१.८ टक्के आढळले. पहिल्याच वर्षी नापास झालेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या फरकाचा अर्थ विज्ञान शाखा सोडणे किंवा न सोडणे असा असू शकतो. २०२० मध्ये एली थिओबाल्ड आणि सहकाऱ्यांनी केलेल्या विश्लेषणात अमेरिकेतील अल्पप्रतिनिधित्व असलेल्या व अल्प उत्पन्न गटांतील विद्यार्थी आणि इतर विद्यार्थी यांच्यातील परीक्षेच्या गुणांची दरी सक्रिय अध्ययनाने सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाल्याचे दिसले. वर्गाचा बहुतांश वेळ सक्रिय कामात जाणाऱ्या अभ्यासक्रमांतच हा परिणाम ठळक होता. अधूनमधून एखादा प्रश्न विचारण्याने तो साधला नव्हता.

विद्यार्थी चर्चेत खरोखर शिकतात की हुशार शेजाऱ्याचे उत्तर उचलतात, ही सर्वांत स्वाभाविक शंका आहे. तिचे उत्तर शोधण्यासाठी कोलोरॅडो विद्यापीठातील मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी आनुवंशशास्त्राच्या प्रारंभिक वर्गात प्रश्नांच्या जोड्या वापरल्या. पहिल्या प्रश्नावर चर्चा झाल्यानंतर त्याच संकल्पनेचा, पण वरवर वेगळा दिसणारा दुसरा प्रश्न चर्चेविना सोडवायला दिला गेला. २००९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दुसऱ्या प्रश्नावरही विद्यार्थ्यांची कामगिरी उंचावलेली दिसली. ज्या गटांत आरंभी कोणालाच योग्य उत्तर ठाऊक नसावे, अशा गटांतही सुधारणा झाल्याचे विश्लेषणातून दिसले. म्हणजे हा लाभ केवळ जाणणाऱ्याकडून न जाणणाऱ्याकडे जाणाऱ्या माहितीचा नव्हता.

विद्यार्थ्यांचा प्रतिसाद

शाळेत व कनिष्ठ महाविद्यालयात उत्तम गुण मिळवून आलेल्या विद्यार्थ्याची अपेक्षा अध्यापकाने शिकवावे आणि आपण लिहून घ्यावे अशी असते. त्यामुळे अनेक वर्गांत या पद्धतीला आरंभी विरोध होतो. आम्हालाच सगळे करावे लागते, प्राध्यापक शिकवतच नाहीत, अशी तक्रार येते.

या तक्रारीमागील कारणावर हार्वर्डमधील लुई डेलॉरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रकाश टाकला. प्रारंभिक भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांची यादृच्छिकपणे दोन गटांत विभागणी करून एका विषयाला एका गटाला सफाईदार व्याख्यान आणि दुसऱ्याला सक्रिय तास देण्यात आला. पुढच्या विषयाला गटांची अदलाबदल झाली. आशय व छापील टिपणे दोन्हीकडे सारखीच होती. चाचणीत सक्रिय तासाच्या विद्यार्थ्यांनी अधिक गुण मिळवले, पण आपण किती शिकलो या प्रश्नाला त्यांनीच कमी गुण दिले. ओघवते व्याख्यान ऐकताना सर्व काही समजल्यासारखे वाटते. स्वतः झगडताना मात्र चुका होतात, अडखळायला होते आणि हे अडखळणे विद्यार्थ्याला न शिकल्याची खूण वाटते. ही गैरसमजूत सत्राच्या आरंभीच पुराव्यासह बोलून दाखवावी, अशी शिफारस संशोधकांनी केली आहे. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायावरच अध्यापनाचे मूल्यमापन करणाऱ्या संस्थांसाठी हा निष्कर्ष अडचणीचा आहे.

त्याआधी डेलॉरिए, एलन शेल्यू आणि नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या दोन मोठ्या तुकड्यांवर आठवडाभराचा प्रयोग केला होता. एका तुकडीला अनुभवी व लोकप्रिय प्राध्यापकाने व्याख्यानाने शिकवले, तर दुसरीला अध्यापनाचा अल्प अनुभव असलेल्या संशोधकाने प्रश्न व चर्चेच्या साह्याने शिकवले. चाचणीतील सरासरी अनुक्रमे ४१ आणि ७४ टक्के आली. प्रयोग एकाच आठवड्याचा असल्यामुळे त्यावरून दीर्घकालीन निष्कर्ष काढू नयेत, अशी टीका त्यावर झाली आणि ती रास्त आहे.

साधने

उत्तरे नोंदवण्यासाठी आरंभी हात वर करणे आणि अक्षरे लिहिलेली कार्डे ही साधने होती. पुढे 'क्लिकर' म्हणून ओळखली जाणारी हातातील यंत्रे आणि नंतर मोबाइलवरील प्रणाली आल्या. नॅथॅनिएल लॅस्री यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत कार्डे वापरणारे आणि क्लिकर वापरणारे विद्यार्थी यांच्या आकलनात लक्षणीय फरक आढळला नाही. यंत्रामुळे नोंद ठेवणे सोपे होते, एवढाच लाभ. हात वर करण्यात मात्र विद्यार्थी इतरांकडे पाहून उत्तर बदलतात. म्हणून सर्वांनी एकाच वेळी छातीशी धरलेले कार्ड हा सर्वांत स्वस्त आणि पुरेसा उपाय मानला जातो.

मर्यादा आणि टीका

चांगले संकल्पना-प्रश्न तयार करणे हे या पद्धतीतील सर्वांत कष्टाचे काम आहे. प्रश्न फार सोपा असेल तर चर्चा होत नाही आणि केवळ स्मरणावर आधारलेला असेल तर चर्चेला विषयच नसतो. भौतिकशास्त्रात अशा प्रश्नांचे मोठे संग्रह उपलब्ध आहेत. जेथे एकच निर्विवाद उत्तर नसते अशा विषयांत, उदाहरणार्थ इतिहास वा साहित्यात, पद्धतीत बदल करावे लागतात.

चर्चेपूर्वी उत्तरांचा आलेख पडद्यावर दाखवल्यास विद्यार्थी तर्क न तपासता बहुमताकडे झुकतात, असे आढळले आहे. त्यामुळे दुसऱ्या नोंदीनंतरच आलेख दाखवणे इष्ट ठरते. गुणदानाचा प्रश्नही असाच नाजूक आहे. बरोबर उत्तरालाच गुण दिल्यास जोडीतील जाणकार विद्यार्थी बोलतो आणि दुसरा मुकाट्याने त्याचे उत्तर नोंदवतो, असे मार्क जेम्स यांनी २००६ मध्ये खगोलशास्त्राच्या प्रारंभिक वर्गांतील संभाषणे नोंदवून दाखवले. सहभागासाठी थोडे गुण देऊन अचूकतेला वर्गात महत्त्व न देणे, हा त्यावरचा रूढ उपाय आहे. अभ्यासक्रम पूर्ण होत नाही, ही अध्यापकांची नेहमीची हरकत असते. वाचनाची शिस्त लागली नाही तर ती खरी ठरते.

भारतातील वापर

मुंबईतील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत पहिल्या वर्षाच्या प्रारंभिक संगणक-आज्ञावलीच्या मोठ्या वर्गात याच कुळातील 'थिंक-पेअर-शेअर' ही पद्धती वापरण्यात आली. विद्यार्थी प्रथम एकट्याने, मग जोडीने आणि शेवटी संपूर्ण वर्गाने प्रश्नावर काम करतात. पर्यायांतून निवड करण्याऐवजी उत्तर लिहून काढायचे असते, हा पीअर इन्स्ट्रक्शनहून मुख्य फरक. अदिती कोठियाल, सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा आठवड्यांतील १३ उपक्रमांचे वर्गात बसून निरीक्षण केले. सरासरी ८३ टक्के विद्यार्थी पूर्णतः किंवा बहुतांशी कामात गुंतलेले आढळले.

महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत परिस्थिती वेगळी असते. अभ्यासक्रम आणि सत्रान्त परीक्षा विद्यापीठ ठरवते, त्यामुळे एकट्या अध्यापकाने वर्गात आकलनावर भर दिला तरी परीक्षेत त्याचे प्रतिबिंब पडेलच असे नाही. प्रवेशपरीक्षांमुळे बहुपर्यायी प्रश्न विद्यार्थ्यांच्या ओळखीचे असतात, पण तेथे ते वेगाने पर्याय निवडण्यासाठी असतात, कारण सांगण्यासाठी नव्हे. ही सवय मोडण्यात पहिले काही आठवडे जातात. दुसरीकडे, चर्चा कोणत्या भाषेत व्हावी याचे बंधन पद्धतीत नाही. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून इंग्रजी व्याख्यानांच्या वर्गात आलेला विद्यार्थी भर वर्गात इंग्रजीतून शंका विचारण्यास कचरतो. शेजाऱ्याशी तो मराठीत वाद घालू शकतो, आणि फळ्यावरचा इंग्रजी प्रश्न आपल्याला नेमका किती कळला आहे, हे त्याला त्या वादातच प्रथम कळते.